सासूबाईंची सही

लग्न होऊन मी उज्जैनला आले तेव्हा मला दोन गोष्टींचा अभिमान होता. मी साताऱ्याची होते आणि मराठी घेऊन बी.ए. झालेली होते. घरात सासूबाई, हे आणि मी. सासरे आमच्या लग्नाच्या चार वर्षं आधीच गेले होते. यांची नोकरी बँकेत. घर फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून पायी दहा मिनिटांवर.

ते दिवस मोठे गडबडीचे होते. कोपऱ्याकोपऱ्यावर पीसीओ उघडत होते, गच्च्यांवरून केबलच्या वायरी जायला लागल्या होत्या, आणि बँकेत संगणक येणार म्हणून यांना सारखं भोपाळला प्रशिक्षणाला जावं लागे. हे गेले की घरात आम्ही दोघीच.

सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही तिथलंच. कुणी पूर्वज दरबारात कारकुनीला आला आणि राहिला, त्याच्या कितव्या तरी पिढीतल्या त्या. महाराष्ट्र त्यांनी पाहिला होता तो नाशिकपर्यंत, तोही एकदाच. मी उंबरा ओलांडून आत आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "थकून गेली असशील. आधी बसून जा. चहा पिऊन घे, मग नाहून घे."

मी बसले, चहा प्याले, आंघोळ केली आणि मनातल्या मनात हसले. 'बसून जा' म्हणजे बसायचं की जायचं? पंखा त्या 'चालवायच्या'. बाजारात त्यांना ओळखीची माणसं भेटत नसत, 'मिळत'. थंडी त्यांना वाजायची नाही, 'लागायची'. स्वतःच्या माहेरी जायचं असलं तरी म्हणायच्या, "मी आपल्या माहेरी जाऊन येते," आणि मला वाटायचं, माझ्याही माहेरी जाणार की काय या.

हे सगळं मी धाकट्या बहिणीला पत्रातून कळवत असे. तिची उत्तरं यायची, 'अजून पाठव, आम्ही सगळे हसून हसून बेजार.' परक्या गावात नवीन आलेल्या माणसाला आपल्यावर कुणीतरी खूश आहे ही फार मोठी गोष्ट वाटते. मी वाक्यं टिपून ठेवायला लागले. एका दुपारी ती सगळी वाक्यं जोडून, मध्ये मध्ये थोडी फोडणी घालून, मी आठ पानांचा एक लेख लिहिला. विनोदी. तो गावातल्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकाला पाठवून दिला.

त्रैमासिक म्हणजे चाळीस पानांचा अंक. संपादक एक निवृत्त गृहस्थ होते. तीस वर्षं त्यांनी कोर्टात साक्षीदारांचे जबाब उतरवून घ्यायचं काम केलं होतं. सगळे त्यांना काका म्हणत. ते मात्र सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत, घरात काकूंनासुद्धा.

आठ दिवसांनी लिफाफा आला. आत माझा लेख, एक चिठ्ठी आणि सायक्लोस्टाइल केलेले दोन कागद. चिठ्ठीत तीन वाक्यं होती. 'लेख वाचला. हसलो. नियम नववा पाहावा.'

ते दोन कागद म्हणजे लेखकांसाठीचे नियम. अजून आहेत माझ्याकडे, घड्यांवर फाटलेले. कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, डावीकडे चार बोटं जागा सोडावी, हे नेहमीचं. पण पुढे काकांचं स्वतःचं सुरू व्हायचं. 'क्षिप्रेचे वर्णन दोन ओळींत आटोपावे. ती सगळ्यांनी पाहिली आहे.' 'उद्गारचिन्ह एका लेखात एकच. कुठे द्यायचे ते नीट ठरवावे.' 'ज्या शब्दाचा अर्थ लेखकाला पत्नीला अथवा पतीला सांगता येत नाही तो शब्द वापरू नये.' ळ या अक्षरावर एक स्वतंत्र नियम होता. अंक हिंदी छापखान्यात छापला जायचा आणि हिंदी टायपात ळ नसतो. काकांनी इंदूरहून शिशाचे थोडे ळ आणून एका डब्यात ठेवले होते. ते संपले की जुळारी बिनदिक्कत ल लावायचा. म्हणून, 'ळ ठळक काढावा, आणि गरजेपुरताच वापरावा.'

मी हसतच वाचत होते. मग नववा आला.

'जिवंत माणसाविषयी लिहिलेला मजकूर त्या माणसाला आरंभापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावा. शेवटच्या पानावर "वाचून दाखवले, बरोबर आहे" असे लिहून त्याची सही घ्यावी. सहीशिवाय मजकूर छापला जाणार नाही.'

मी दोन दिवस तो लेख कपाटात साड्यांखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात हळदीकुंकू होतं. काका बाहेर व्हरांड्यात अंकाच्या वर्गणीदारांची यादी घेऊन बसले होते. मी धीर करून गेले.

"काका, माझ्या लेखात कुणाचं नाव नाहीये. मग सही कशाला?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "या गावात साताऱ्याहून आलेली सून किती मराठी घरांत आहे?"

"माझ्या माहितीत मी एकटीच."

"मग नाव घातल्यासारखंच झालं."

"पण हा नुसता विनोद आहे, काका."

"विनोद आहे म्हणून तर सही लवकर मिळेल," ते म्हणाले, आणि यादीकडे वळले.

पुढच्या आठवड्यात हे भोपाळला गेले तेव्हा मी ठरवलं, आज वाचून टाकायचं. थंडीचे दिवस होते. सासूबाई गच्चीवर उन्हात चटई टाकून मटार सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले. "आई, मी एक लिहिलंय. तुम्हाला वाचून दाखवायचंय."

"अरे वा. दाखव की." त्यांनी सुपातल्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या आणि परत ओढून घेतल्या. "नको, तू वाच. मी सोलते."

मी वाचायला लागले. सुरुवातीला मी घराचं वर्णन केलं होतं, ते त्यांना आवडलं. दोन ठिकाणी त्या मोठ्याने हसल्या. एकदा तर, "अगदी असंच," म्हणून मान डोलावली. मग त्यांच्या बोलण्याचा भाग आला. मी एकामागून एक वाक्यं वाचत गेले, त्यांच्या सुरात. मला नकला बऱ्या जमायच्या. तिसऱ्या पानावर मला जाणवलं की शेंगा फुटल्याचा आवाज थांबलाय. मी वर पाहिलं नाही. आठही पानं वाचून काढली.

"हे मी आहे?" त्या म्हणाल्या.

मी पानांचे कोपरे सारखे करत राहिले.

"मी असं बोलते? सगळे हसतात?"

"सगळे नाही हो आई. गंमत म्हणून लिहिलंय. इथे सही कराल का? अंकात छापायला लागते."

त्यांनी मटारची परात उचलली, सुपातल्या राहिलेल्या शेंगा तिच्यात ओतल्या, तशाच, न सोललेल्या, आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर माझा कप झाकून ठेवलेला. त्या देवाची फुलं निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बहू, चाय रखी है."

मला वाटलं शेजारच्या भाभीजी आल्यात आणि त्यांच्यासाठी हिंदी चाललंय. मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"आई?"

"सब्ज़ी क्या बनेगी, बता देना. मैं मंदिर हो आती हूँ."

तो दिवस तसाच गेला. दुसराही. रागावून बोलत नव्हत्या, टाकून तर मुळीच नाही. उलट जास्तच नीट वागत होत्या. जेवायला वाढायच्या, दुपारी माझ्या अंगावर शाल टाकायच्या. पण माझ्याशी बोलताना एकही मराठी शब्द नाही. दूधवाल्याशी, भाभीजींशी ज्या हिंदीत बोलायच्या त्याच हिंदीत माझ्याशी. मी मराठीत विचारायची, त्या हिंदीत उत्तर द्यायच्या. त्या घरात मी आता सून नव्हते, भाडेकरू होते.

हे भोपाळहून आले. पहिल्याच जेवणाला त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडे भाजी सरकवत सासूबाई म्हणाल्या, "और लो," आणि यांचा घास हातातच राहिला. नंतर खोलीत मला विचारलं, "आई हिंदीत का बोलतीये?"

मी लेख त्यांच्या हातात दिला. पलंगाच्या काठावर बसून त्यांनी तो वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते एकदाही हसले नाहीत.

"तुला एक सांगतो," ते म्हणाले. "आईची शाळा हिंदी. माझी आणि ताईचीही हिंदी. मोहल्ल्यात सगळे हिंदी. माझ्या बरोबरीच्या कितीतरी मराठी मुलांना आज मराठी येत नाही, माहितीये तुला? आमच्याकडे आईचा एक नियम होता. चपला दाराशी काढल्या की हिंदीपण तिथेच काढायची. आत मराठी. कुणी विसरलं तर ती उत्तरच द्यायची नाही. पाणी मागितलं तरी द्यायची नाही, मराठीत मागेपर्यंत."

त्यांनी पानांची घडी घालून माझ्याकडे दिली.

"या घरात ती हिंदीत बोलतीये," ते म्हणाले, "हे मी पहिल्यांदा ऐकतोय."

ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेले. देवास गेटच्या बसस्टँडमागे एका गल्लीत ते राहायचे. बाहेर कंडक्टरांचे इंदूर, देवासचे पुकारे चालू, आणि आत काका शांतपणे कुणाची तरी कविता लाल पेनाने तपासत बसलेले. मी लेख त्यांच्यासमोर ठेवला.

"सही मिळाली नाही. मी लेख मागे घेते."

"वाचून दाखवलात?"

"हो. पूर्ण." आणि मग गच्चीवरचं, चहाच्या कपाचं, हिंदीचं, सगळं सांगितलं. काकूंनी पाणी आणून दिलं.

काकांनी पेनाला टोपण लावलं. "हा नियम मी कोर्टातून आणला," ते म्हणाले. "साक्षीदाराचा जबाब झाला की तो त्याला वाचून दाखवायचा असतो. खाली लिहायचं, पढ़कर सुनाया, सही होना स्वीकार किया, म्हणजे बरोबर असल्याचं कबूल केलं. मग सही, नाही तर अंगठा. आम्ही काय करायचो? भराभरा वाचायचो. बाहेर दहा केसेस थांबलेल्या. एकदा एक म्हातारी बाई होती. शेजाऱ्यांची मारामारी तिने पाहिलेली. मी वाचत होतो, 'उसने धक्का मारा.' ती म्हणाली, 'बाबूजी, मैंने मारा नहीं बोला. धक्का लगा बोला.' मी तिच्याकडे बघतच राहिलो. लगा आणि मारा. एका शब्दाने माणूस तुरुंगात जातो. जज्जसाहेबांनी दुरुस्त करायला सांगितलं, मी केलं. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिने ऐकलं म्हणून कळलं. ज्यांनी नुसता अंगठा उठवला असेल, त्यांचं काय?"

बाहेर एक बस निघाली. तिचा आवाज जाईपर्यंत ते थांबले.

"तुम्ही सासूबाईंना वाचून दाखवलंत. मग काय विचारलंत?"

"सही कराल का, असं विचारलं."

"बरोबर आहे का, असं नाही विचारलंत?"

"नाही."

"का?"

"मला वाटलं, बरोबरच आहे."

लेखाची पानं जुळवून काकांनी परत माझ्या हातात दिली. "मागे घ्यायचा तर घ्या. तो तुमचा हक्क. पण माझ्या मते वाचून दाखवण्याचं काम अजून अर्धंच झालंय."

घरी परत येताना मी टेम्पो केला नाही, चालतच आले. रस्ताभर एकच वाक्य घोकत होते आणि ते म्हणायची भीती वाटत होती.

त्या दुपारी सासूबाई गच्चीवरच होत्या, वाळत घातलेल्या बडीशेपेवरून हात फिरवत. मी लेख त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "आई, हा छापायचा नाहीये. मी नाही देणार. पण मला एक विचारायचं राहिलं. मी लिहिलंय ते बरोबर आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चश्मा लाओ."

मी धावत जाऊन चष्मा आणला. त्यांनी पानं मांडीवर घेतली आणि ओळीखालून बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. पहिलं पान. दुसरं. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"ये क्या है?" त्यांनी एका वाक्यावर टिचकी मारली. "'कामवाली येऊन राहिली आहे.' ये मैंने कब कहा?"

"तुम्ही… मला वाटतं, त्या दिवशी…"

"झूठ. हे येऊन राहिली, जाऊन राहिली आम्ही नाही बोलत! हे नागपूरचं. माझी नणंद तिकडे दिली आहे, ती बोलते असं. मी कधी बोलली? सांग, कधी बोलली मी?"

त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं की हिंदी सुटली. मला कळलं. मी मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते आणि मला त्यांचं बोलणं थांबवायचं नव्हतं.

खरंच त्या तसं कधी बोलल्या नव्हत्या. कॉलेजात माझी एक मैत्रीण नागपूरची होती. तिच्या तोंडचं मला आठवलं आणि मी ते सासूबाईंच्या तोंडी घालून दिलं. हिंदी मुलखाकडची मराठी, सगळी सारखीच, असं मी धरून चालले होते.

"आणि ही सब्जी," त्या पुढे म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता. "मी भाजीवाल्याशी सब्जी बोलते. घरात भाजी. कालपर्यंत विचार, माझ्या तोंडून घरात सब्जी निघाली असेल तर."

"चार दिवस निघतीये आई," मी म्हणाले.

मग त्यांना हसू फुटलं, आणि मलाही. आम्ही दोघी त्या बडीशेपेशेजारी बसून इतक्या हसलो की भाभीजी त्यांच्या गच्चीवरून डोकावून गेल्या.

त्या लेखावर आमच्या तीन दुपारी गेल्या. त्या एकेक वाक्य वाचायच्या आणि सांगायच्या, हे बरोबर, हे चूक, हे बोलते पण अशा वेळी नाही. मी वही घेऊन बसायची. मला वाटत होतं की त्यांची मराठी म्हणजे हिंदीने बिघडलेली मराठी. त्या तीन दुपारांत कळलं की तिच्यात फार बारीक विचार होता आणि तो मला माहीत नव्हता.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "काका मिळाले आणि काका भेटले, एक नाही. मी मंडळात गेली, काकांशी काम होतं, तर काका भेटले. मी भाजी आणायला गेली आणि समोरून काका आले, तर काका मिळाले. तुमच्यात दोन्हीला एकच?"

"एकच," मी म्हणाले. "दोन्हीला भेटले."

"मग कळतं कसं?"

मी वहीत तो प्रश्नच उतरवून घेतला.

'थंडी लागते' यावर तर त्यांनीच माझी फिरकी घेतली. "आणि तुम्ही काय बोलता? थंडी वाजते! वाजते कशी? ताशा आहे का ती?" पुढे हे वाक्य त्यांनी सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं आणि मी शरमून स्वयंपाकघरात गेले. ती फिरकी मी कमावलेली होती.

'आपल्या माहेरी' हे मात्र त्यांनी तसंच ठेवायला लावलं. "हे बोलते मी. लिही. पण हसू नको त्याला. आपलं बोललं तर काय कमी होतं?"

लेख पुन्हा लिहिला तेव्हा तो पहिल्याइतका विनोदी राहिला नाही, हे कबूल करायला हवं. फोडणी सगळी गेली. पण त्यात एक बाई आली जी पहिल्या लेखात नव्हतीच. तिने परक्या भाषेच्या मोहल्ल्यात दोन मुलांना मराठी बोलायला लावलं होतं, आणि तिला कुठे काय बोलायचं ते पक्कं माहीत होतं. मी तो त्यांना वाचून दाखवला, या वेळी नक्कल न करता. शेवटी विचारलं, बरोबर आहे का?

त्यांनी पेन घेतलं. शेवटच्या पानावर मी 'वाचून दाखवले, बरोबर आहे' असं आधीच लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि सही करण्याआधी, 'बरोबर आहे'च्या अलीकडे, वर एक छोटी खूण करून 'आता' हा शब्द घातला. 'वाचून दाखवले, आता बरोबर आहे.' मग सही, पूर्ण नावाची, प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र रेघ देऊन.

काकांनी पान पाहिलं आणि तो 'आता' त्यांनी काकूंनाही बोलावून दाखवला. "असा साक्षीदार मला तीस वर्षांत दोनदा मिळाला," ते म्हणाले. मिळाला, भेटला नाही. माझ्या आता लक्षात यायला लागलं होतं.

छापखान्यात मात्र एक घोळ झाला. प्रूफ आलं त्यात लेखभर 'काका मिलाले' होतं. ळ संपले होते! सगळा भेद ज्या अक्षरावर उभा, तेच नाही. मी आणि काका छापखान्यात गेलो. जुळाऱ्याने डबा उलटा करून दाखवला. "ख़तम हैं, बाबूजी. सब इस कविता में लग गए." काकांनी कवितेचं प्रूफ हातात घेतलं. सकाळ, आभाळ, ओंजळ, मृगजळ, प्रत्येक ओळीच्या शेवटी ळ. काकांनी प्रूफ बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "कविता पुढच्या अंकात. कवीला मी पत्र लिहितो." जुळारी एकेक ळ चिमट्याने काढून माझ्या लेखात बसवत गेला आणि मी शेजारी उभी राहून पाहत होते. त्या कवींची मी आजही ऋणी आहे. ते माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत.

त्यानंतर काका मला प्रत्येक अंकासाठी काही ना काही मागत राहिले. सासूबाईंकडेही त्यांचं काम असायचं. कुणाच्या कथेत गावातल्या माणसाचं बोलणं आलं की काका ती पानं आमच्याकडे पाठवायचे, आणि त्या चष्मा लावून, बोट फिरवून, चुकीच्या जागी पेन्सिलीने फुली मारायच्या. पुढच्या वर्षीच्या नियमांच्या कागदात काकांनी एक ओळ वाढवली, 'संवाद कानाने ऐकून लिहावेत, आठवणीतून नव्हे.' तिच्याखाली आमच्या घराचा पत्ता द्यावा असं त्यांच्या मनात होतं. सासूबाईंनी नको म्हटलं. "मग लोक चहाच्या वेळेला येतील," त्या म्हणाल्या.

काही वर्षांनी काका त्यांच्या मुलाकडे राहायला गेले आणि त्रैमासिक बंद पडलं. पण तोवर मला लिहायची सवय लागली होती, आणि लिहिलेलं कुणाला तरी वाचून दाखवून 'बरोबर आहे का' असं विचारायचीही. मला जे काही थोडंफार लिहिता येतं ते त्या दोघांनी शिकवलं. दोघांपैकी कुणीही स्वतःला लेखक म्हणवत नव्हतं.

माझा लेख छापलेला तो पहिला अंक घरी आला त्या दिवसाचं तेवढं सांगायचं राहिलं. काकांनी तीन प्रती पाठवल्या होत्या. सासूबाईंनी एक देवघरात ठेवली, एक ट्रंकेत. तिसरी घेऊन त्या गच्चीवर गेल्या. मी थोड्या वेळाने चहा घेऊन वर निघाले तर जिन्यातच त्यांचा आवाज ऐकू आला. दोन गच्च्यांमधल्या बुटक्या भिंतीशी भाभीजी पलीकडे बसल्या होत्या, सासूबाई अलीकडे. भाभीजींना मराठी वाचता यायचं नाही. सासूबाई त्यांना माझा लेख हिंदीत सांगत होत्या, एकेक ओळ, अंकात बोट ठेवून. मी एका पायरीवर थांबले. माझ्या लांबलचक वाक्यांचे त्या दोन दोन तुकडे करत होत्या. जिथे मी उगीच सजवलं होतं ते सरळ गाळत होत्या. भाभीजी मध्येच म्हणाल्या, "ये तो बिलकुल आप ही हो," आणि सासूबाई म्हणाल्या, "हाँ, बहू ने लिखा है. मैंने जाँचा है."

चहा निवत होता. मी ट्रे मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसले आणि शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या लेखापेक्षा ते चांगलं होतं.